घरात तीन ब्लड ग्रुप, ओट्यावर तीन भाज्या! ब्लड ग्रुप डाएट कुणी केलंय का?

शेंगाचटणी

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, पोस्ट लांबणार आहे.

मी मूळची सोलापूरची, लग्न होऊन पुण्यात, सिंहगड रोडला. घरात चौघं. मी बी पॉझिटिव्ह, नवरा ओ पॉझिटिव्ह, सासूबाई ए पॉझिटिव्ह आणि लेक (वय ११) तीही ए पॉझिटिव्ह. शाळेच्या आरोग्य शिबिरात जे कार्ड मिळालं त्यावर तसं आहे. सासूबाईंना याचा केवढा अभिमान. "नाक आईचं, पण रक्त माझं," असं आल्यागेल्याला सांगतात.

जूनमध्ये आमच्या सोसायटीत एका बाईंनी ब्लड ग्रुपनुसार आहार या विषयावर व्याख्यान दिलं. नंतर पॅकेज. चौघांचं मिळून ४,५०० रुपये, तीन महिने. मला ते स्वस्त वाटलं (मला सगळंच स्वस्त वाटतं, ही माझी जुनी खोड). बाईंनी तोंडी ग्रुप विचारले, वजनं लिहून घेतली आणि चार लॅमिनेट केलेले तक्ते हातात दिले. हिरवा रकाना 'औषध', पांढरा 'चालेल', लाल 'विष'. खरंच विष असा शब्द छापलाय.

आता माझा लाल रकाना वाचा: शेंगदाणे, तीळ, मसूर, मका, टोमॅटो, खोबरं, चिकन. सोलापूरच्या मुलीला शेंगदाणे विष! माझ्या माहेरी अजून उखळात चटणी कुटतात, तेल सुटून गोळा चकचकायला लागेपर्यंत. भाजीत कूट, आमटीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट. कूट काढला तर मला स्वयंपाक येतच नाही असं म्हणायला हरकत नाही.

नवरा ओ, म्हणजे म्हणे शिकारी. त्याला आठवड्यातून चार दिवस मटण, गहू आणि दूध बंद. हा माणूस दिवसभर खुर्चीत बसून कोडिंग करतो. शिकार करतो ती फक्त पार्किंगची. अर्थात तो खुशीत आहे. मटणाचा भाव बघून मी नाही.

सासूबाई आणि लेक ए, म्हणजे शेतकरी. मांस बंद, दूध-दही बंद, बटाटा, टोमॅटो, वांगं बंद. सासूबाई रत्नागिरीकडच्या, वय ७१. दह्याशिवाय त्यांचा भात संपत नाही. बांगडा तक्त्यात बसतो की नाही यावर त्यांचं आणि बाईंचं फोनवर वीस मिनिटं चाललं होतं. लेकीची मात्र मला दया येते. बटाट्याची काचऱ्या भाजी हा तिच्या डब्याचा आत्मा होता.

सकाळी ओट्यावर तीन कढया. कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, खानावळ काढली का?"

आता खरा प्रश्न. हे सगळं थोतांड असेल तर मी आजच तक्ते रद्दीत घालते. पण लेकीचं पोट सारखं दुखायचं, ते दीड-दोन महिन्यांत खरंच थांबलंय. म्हणून हात धजत नाही. कुणाला अनुभव आहे का? यामागे काही शास्त्र आहे का?

फिट_अँड_मस्त

मी एबी. ७ महिन्यांत ९ किलो कमी, अॅसिडिटीची गोळी सुटली. लोक काहीही म्हणोत, माझ्यासाठी हे काम करतं. तुमच्या मुलीला फरक पडलाय ना? मग शंका कशाला काढता? शरीर खोटं बोलत नाही.

कुडाळकर

ताई, मी रक्तपेढीत तंत्रज्ञ होतो. ३१ वर्षं काढली, आता गावी असतो. आहारातलं मला विशेष कळत नाही. पण तुमच्या पोस्टमधल्या एका ओळीवर नजर अडकली आणि हातातला चहा गार झाला.

तुम्ही बी, यजमान ओ. अशा जोडप्याचं मूल बी असतं नाहीतर ओ. ए नसतं. आजीचा ए नातीपर्यंत पोचायचा तर वाटेत बाप लागतो, आणि बापाकडे ए असता तर तपासणीत तो दिसला असता. ए आणि बी लपून राहत नाहीत, लपून राहतो तो ओ.

हे वाचून घरात कुणी कुणाकडे भलत्या नजरेनं बघू नये, म्हणून लगेच पुढचं लिहितो. असं कार्ड घेऊन घाबरलेली माणसं माझ्यासमोर बरीच आली, आणि बहुतेक वेळा खोटं ठरलं ते कार्डच. शिबिरात काय चालतं ते मला ठाऊक आहे, मीही केलीत. टेबलावर काचपट्टी. पोराचं बोट टोचायचं, रक्ताचे थेंब ठेवायचे, एकावर निळं अँटी-ए, दुसऱ्यावर पिवळं अँटी-बी, काडीनं ढवळायचं आणि कुठल्या थेंबात रवाळ गुठळ्या होतात ते बघायचं. तीनशे पोरं रांगेत, त्यातली वीस रडतायत, डोक्यावर पंखा गरगरतोय, थेंब कडेनं सुकून उगाच गुठळीसारखा दिसतोय. एक जण वाचतो, दुसरा लिहितो. पट्टी उलट्या बाजूनं धरली की बी चा ए झाला. हजेरीचा एक आकडा पुढे सरकला की शेजारणीचा ग्रुप तुमच्या लेकीच्या नावावर. म्हणून शिबिराच्या कार्डावर भरवसा ठेवून कुणीही रक्त चढवत नाही. रक्तपेढी दर वेळी नव्यानं ग्रुप करते, वर क्रॉसमॅच करते, म्हणजे देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं रक्त एकमेकांशी जुळतं का ते बघते.

दुसरी शक्यता अगदी बारीक आहे, पण सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही. ए आणि बी हे दोन्ही 'एच' नावाच्या पायावर उभे राहतात. काही थोड्या माणसांत तो पायाच बनत नाही. मग त्यांच्याकडे ए चा जनुक असला तरी ए उभा राहायला जागा नसते आणि नेहमीच्या तपासणीत ते सरळ ओ दिसतात. हाच बॉम्बे ब्लड ग्रुप. मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना तो सापडला, १९५२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एक. असा बाप कागदावर ओ आणि त्याची मुलगी ए, हे होऊ शकतं. त्यात गंमत काहीच नाही, कारण अशा माणसाला ओ रक्त चढवलं तर जिवावर बेततं. त्याला बॉम्बेचंच लागतं.

तेव्हा बापलेक दोघांनाही एखाद्या रक्तपेढीत घेऊन जा. ट्यूबमध्ये तपासायला सांगा, फॉरवर्ड (रक्तपेशी तपासायच्या) आणि रिव्हर्स (रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, ठाऊक असलेल्या ग्रुपच्या पेशींवर टाकून बघायचा) दोन्ही, आणि रिव्हर्समध्ये ओ पेशी लावा म्हणावं. बॉम्बेवाल्याचा प्लाझ्मा ओ पेशींच्याही गुठळ्या करतो, साध्या ओ चा करत नाही. तिथल्या माणसाला एवढं पुरेल.

आणि जमलं तर त्या बाईंना माझ्यातर्फे विचारा, बॉम्बे ग्रुपचा तक्ता छापलाय का?

शेंगाचटणी

काका, धन्यवाद म्हणू की रागावू तेच कळेना. नवऱ्याला वाचून दाखवलं. आधी तो मोठ्यानं हसला. पाच मिनिटांनी आला, फोन मागितला आणि एकटा गॅलरीत जाऊन परत वाचून आला. शनिवारी जातोय आम्ही. सासूबाईंना अजून सांगितलं नाहीये.

पोळीभाजी_लातूर

मी आहारतज्ज्ञ आहे, सरकारी नोकरी, त्यामुळे विकायला काही नाही.

ही कल्पना अमेरिकेतल्या पीटर डी'अडॅमो या निसर्गोपचारकांच्या १९९६ सालच्या पुस्तकातून जगभर पसरली. ओ सगळ्यात जुना म्हणून शिकारी, ए शेतीबरोबर आला म्हणून शाकाहारी, बी भटक्या पशुपालकांचा म्हणून दूध चालतं, एबी अगदी अलीकडचा. ऐकायला छान गोष्ट आहे. फक्त ओ हा मुळात ए च्या जनुकातलं एक अक्षर गळून निकामी झालेला प्रकार आहे, आणि ए-बी हा भेद गिबन माकडांशीही सामाईक निघालाय, म्हणजे निदान दोन कोटी वर्षांचा. शेतीला दहा-बारा हजार वर्षं झाली. तेव्हा ए कुणाच्या शेतावर राबत होता?

आता 'फरक पडला' याबद्दल. २०१४ साली टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी १,४५५ जणांचं खाणं आणि त्यांचे ग्रुप ताडून पाहिले. ए च्या तक्त्याच्या जवळपास जेवणाऱ्यांचं वजन, कंबर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल खरोखर बरं निघालं. पण त्या जेवणाऱ्याचा ग्रुप ए असो, ओ असो, बी असो, फायदा तेवढाच. भाज्या, फळं, डाळी वाढल्या की बरं वाटतं, त्याला ए असावं लागत नाही. (फिट_अँड_मस्त, तुमचे ९ किलो खरेच आहेत. श्रेय तेवढं चुकीच्या खात्यात जमा झालंय.)

शेंगाचटणीताई, लेकीचं आणखी काय बंद झालं या दोन महिन्यांत, ते आठवून बघा. बिस्किटं? नूडल्स? कँटीनचा वडा? आणि एक कळकळीनं सांगते: सासूबाईंचं दही आजच सुरू करा. ७१ व्या वर्षी मासे काढले, दूध काढलं, दही काढलं तर कॅल्शियम, बी-१२ आणि प्रथिनं येणार कुठून? तुमच्या शेंगदाण्यांचं नुकसान चटणीपुरतं आहे, त्यांचं हाडांत होईल. यजमानांचं युरिक अॅसिड आणि कोलेस्टेरॉलही एकदा बघून घ्या. चार दिवस मटण खाऊन खुर्चीत बसणाऱ्या शिकाऱ्याचं मला जास्त भय वाटतं.

फिट_अँड_मस्त

मॅडम, गोष्ट जाऊ द्या, लेक्टिनचं काय? ही पेशींना चिकटणारी प्रथिनं. कडधान्यांतली लेक्टिनं ठरावीक ग्रुपच्या रक्ताच्या गुठळ्या करतात हे प्रयोगशाळेत सिद्ध झालंय. पुस्तकाचा पाया तोच आहे. कुडाळकर काकांनाच विचारा, ते रक्तपेढीतले आहेत.

कुडाळकर

विचारलंत ते बरं केलंत, हा माझ्या आवडीचा विषय आहे.

लेक्टिनं गुठळ्या करतात हे सोळा आणे खरं. बहुतेक लेक्टिनांना ग्रुपशी देणंघेणं नसतं. राजम्यातलं लेक्टिन कुणाच्याही पेशी धरतं, आणि अर्धकच्चा राजमा खाल्ला तर ओ असो की एबी, सगळे सारखेच ओकतात. खळखळून उकळला की ते मरतं. पण ग्रुप ओळखणारी लेक्टिनंही आहेत, आणि त्यातलं एक आम्ही रोज वापरायचो. ए ग्रुपमध्ये ए-वन आणि ए-टू असे पोटभाग आहेत, ते वेगळे करायला. बाटलीवर लिहिलेलं असायचं डॉलिकॉस बायफ्लोरस. नोकरीला लागलो तेव्हा हे कुठल्यातरी विलायती झाडाचं नाव असेल अशी माझी समजूत. एक दिवस आमच्या वरिष्ठांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि ट्रेमध्ये ओतली. बघतो तर काय, कुळीथ!

बाटली संपली होती आणि नवी यायला वेळ होता, म्हणून त्यांनी घरूनच आणले होते. आम्ही ते सलाइनमध्ये भिजवून वाटले, गाळले, यंत्रात गरगर फिरवले, वरचं पाणी घेतलं. मग पातळ करत करत अशा बेताला आणलं, की ए-वन पेशींची गुठळी होईल आणि ए-टू ची होणार नाही. ट्यूब हलवली तर तळाशी लाल गोळी तशीच्या तशी अख्खी. बी च्या ट्यूबमध्ये टाकलं तर धुरासारखं विरघळून गेलं. मी तिथंच हसायला लागलो. कारण मी स्वतः ए आहे, आणि आदल्या रात्री कुळथाची पिठी आणि भात जेवून ड्यूटीवर आलो होतो.

आमच्याकडे कुळीथ खरपूस भाजतात, मग दळतात. लसणीची फोडणी, कांदा, मिरची, पाण्यात कालवलेलं पीठ वरून सोडायचं, आमसूल टाकून रटरट शिजू द्यायचं, गुठळी होऊ नये म्हणून ढवळत राहायचं (ही वेगळी गुठळी). पावसात तापानं फणफणलो की आई म्हणायची, "पिठी खा, ताप उतरतलो." तिचा ग्रुप मी नोकरीला लागल्यावर तपासला. तीही ए. ८४ वर्षं जगली, पिठी खाऊनच.

ट्यूबमध्ये कच्च्या बियांचं वाटण थेट उघड्या रक्तपेशींवर पडतं. ताटातली पिठी भाजून, शिजवून येते, मग पोटात पचते. ट्यूब आणि ताट यांत एवढं अंतर आहे.

आता तुमचा तक्ता काढा. ए च्या लाल रकान्यात कुळीथ आहे का? शेंगाचटणीताई, तुम्हीही बघा. ए च्या पेशी नेमक्या धरणारं म्हणून रक्तपेढीत जे कडधान्य ठाऊक आहे, तेच जर गाळलं असेल आणि बटाट्याला विष म्हटलं असेल, तर तो तक्ता बनवणाऱ्याला लेक्टिनंही माहीत नाहीत आणि कोकणही.

फिट_अँड_मस्त

एबी च्या तक्त्यात नाहीये. बाकी नंतर बोलू.

झुणका_डॉट_कॉम

विषयांतराबद्दल क्षमा. मी बी, बायको बी, दोन्ही पोरं बी. आपल्या देशात दर तीन-चार माणसांमागे एक बी असतो म्हणे. तीळ आणि शेंगदाणे दोन्ही विष, म्हणजे संक्रांतीला आम्ही एकमेकांना नेमकं काय देतोय?

शेंगाचटणी

सर्वांना निकाल सांगायला आले.

रक्तपेढीतला मुलगा तरुण होता. 'रिव्हर्समध्ये ओ पेशी लावा' म्हटल्यावर त्यानं मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही लॅबमधल्या का?" मी म्हटलं, नाही, कुडाळच्या एका काकांनी सांगितलंय. त्यानं लेकीला ट्यूब दाखवली, तिनं चष्मा वर करून वाकून बघितली. पिवळ्या बाटलीच्या ट्यूबमध्ये तळाशी लाल गोळी, काकांनी लिहिली होती तशीच. निळ्यात काही नाही.

लेक बी पॉझिटिव्ह आहे. माझ्यासारखी. नवरा साधा सरळ ओ, ओ पेशींबरोबर गुठळी वगैरे काही नाही. गाडीत बसल्यावर त्यानं सीटबेल्ट लावला, काढला, परत लावला आणि म्हणाला, "चहा घेऊ या का?" घेतला, तोही दोनदा.

शाळेत चौकशी केली. हजेरीत लेकीच्या पुढच्या क्रमांकावर जी मुलगी आहे तिच्या कार्डावर बी आहे. तिच्या आईला फोन केलाय, तेही तपासून घेणार आहेत.

म्हणजे माझी बी मुलगी दोन महिने ए चं जेवली आणि त्यातच तिचं पोट बरं झालं. लातूरच्या ताई, तुम्ही विचारलं होतंत म्हणून बसून आठवलं: क्रीमची बिस्किटं बंद, नूडल्स बंद, शाळेसमोरचे चटपटीत पुडे बंद, आणि रात्रीचं जेवण साडेदहाऐवजी आठला, कारण तीन कढया लवकर चढवाव्या लागायच्या. तिचं तिनंच सांगितलं, "आई, मी ब्रेकला वेफर्स खायचे ना, तेव्हा दुखायचं." हे आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, तू विचारलं नाहीस.

व्याख्यानवाल्या बाईंनाही फोन केला. कार्ड चुकीचं होतं, ती ए नाही, बी आहे म्हटलं. बाई एक क्षण थांबल्या नाहीत. "तरीच! मला वाटतच होतं तिला पूर्ण गुण का येत नाहीये. बी चा तक्ता पाठवते, त्याचे वेगळे ८०० होतील." बॉम्बे ग्रुपचं विचारलं तर म्हणाल्या, आम्ही सगळ्या शहरांत करतो.

काका, ए च्या तक्त्यात कुळीथ नाहीच. नाचणीही नाही. चिकोरी आणि आर्टिचोक आहेत, ते काय असतं हे सासूबाईंनी मला दोनदा विचारलं होतं.

चारही तक्ते आता ओट्यावर पोळपाटाखाली घातलेत, लॅमिनेट असल्यानं पीठ पुसायला बरं पडतं. काल रात्री एकच पातेलं चढलं: सासूबाईंच्या हातची पिठी, भात, बटाट्याच्या काचऱ्या, वाटीभर दही आणि माझी चटणी. लेकीचा ग्रुप मी त्यांना जेवताना सांगितला. हात थांबला त्यांचा. नातीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग दही वाढून घेत म्हणाल्या, "नाक नीट बघितलंस का कधी तिचं? माझंच आहे ते."